नाजूक फळे घरी कशी टिकवावीत?

स्मरणिका हाती घेतली की धम्म, चळवळ, शिक्षण आणि संस्थेच्या कार्याचा आढावा असे विषय वाचकाला अपेक्षित असतात. त्यात फळे टिकविण्याविषयीचा लेख पाहून काहींना नवल वाटेल. परंतु धम्म हा केवळ विहारात बसून ऐकण्याचा विषय नाही. तो घरातल्या चुलीपर्यंत, पाण्याच्या माठापर्यंत आणि मुलांच्या हातातल्या फळापर्यंत पोहोचला पाहिजे. तथागतांनी दुःखाचा विचार करताना एक सरळ रीत घालून दिली. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर केले की दुःख दूर होते, आणि ते दूर करण्याचा मार्ग आहे. हीच रीत रोजच्या लहानसहान प्रश्नांनाही लागू पडते. फळ नासणे हा असाच एक लहान प्रश्न. पण महिन्याच्या पगारात किंवा रोजंदारीत घर चालविणाऱ्या कुटुंबाला तो लहान वाटत नाही. मुलांसाठी म्हणून पोटाला चिमटा घेऊन आणलेली स्ट्रॉबेरीची डबी दुसऱ्या दिवशी बुरशीने भरलेली निघाली, की पैसा जातो आणि मुलांच्या तोंडचा घासही जातो. पाटीवर जांभळे घेऊन बसणाऱ्या माउलीची तर दिवसाची कमाईच संध्याकाळपर्यंत पाणी सोडू लागते.

या लेखात आपण मऊ सालीच्या लहान फळांचा विचार करणार आहोत. इंग्रजीत ज्यांना सरसकट 'बेरी' म्हणतात, त्यांना मराठीत एकच एक नाव नाही. पण फळे मात्र आपल्या ओळखीची आहेत. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, रानातली करवंदे, जांभळे, तुती, रसभरी आणि द्राक्षे ही ती फळे. वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर व्याख्येने पाहिले तर द्राक्ष, करवंद आणि जांभूळ ही खरी बेरी ठरतात, आणि जिच्या नावातच बेरी आहे ती स्ट्रॉबेरी ठरत नाही! तिचा लाल गर हा फुलाच्या देठाचा फुगलेला भाग असतो आणि वर दिसणारे पिवळसर दाणे हीच तिची खरी फळे असतात. विद्यार्थ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे. स्वयंपाकघरात मात्र ही सर्व फळे एकाच कुळातली समजावीत. कारण ती सर्व एकाच रीतीने नासतात.

जांभळाशी तर आपले नाते जुने आहे. बालवयात सिद्धार्थ शेतीच्या उत्सवात जांभळीच्या झाडाखाली ध्यानस्थ बसल्याची कथा बौद्ध परंपरेत प्रसिद्ध आहे. या भूमीला जंबुद्वीप हे नाव जांभळावरूनच मिळाले. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांना व जनावरांना उपयोगी अशी औषधी, मुळे आणि फळे जेथे नव्हती तेथे आणवून लावल्याचा उल्लेख आहे. फळ लोकांपर्यंत पोहोचविणे हे राजाचे कर्तव्य मानले गेले. घरी आलेले फळ वाया जाऊ न देणे हे आपले कर्तव्य होय.

फळ का नासते?

फळ नासण्याची मुख्य कारणे चार आहेत: जंतू, ओल, उष्णता आणि जखम.

पहिले कारण जंतू. हवेत, मातीत आणि फळाच्या सालीवर बुरशीचे अतिसूक्ष्म बीजाणू नेहमीच असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. स्ट्रॉबेरीवर जी राखाडी, लोकरीसारखी बुरशी येते तिला शास्त्रीय भाषेत बोट्रायटिस म्हणतात. दुसरी रायझोपस नावाची बुरशी फळाला पाणी सुटेपर्यंत मऊ करते आणि पांढऱ्या धाग्यांनी एका फळावरून दुसऱ्या फळावर पसरते. याशिवाय यीस्ट, म्हणजे किण्व, हे सूक्ष्मजीव फळातली साखर आंबवितात. फळे आंबट असल्यामुळे त्यांच्यावर जिवाणूंपेक्षा बुरशी आणि यीस्ट यांचाच जोर अधिक चालतो.

दुसरे कारण ओल. स्ट्रॉबेरीच्या वजनाचा सुमारे ९० टक्के भाग पाणीच असतो. पण ते पाणी सालीच्या आत असते. साल कोरडी असेपर्यंत बुरशीचा बीजाणू तसाच पडून राहतो. सालीवर पाण्याचा पातळ थर साचला की तो रुजतो, जसे पहिल्या पावसानंतर शेतातले बी रुजते.

तिसरे कारण उष्णता. झाडावरून तोडलेले फळही जिवंत असते. ते श्वास घेते, साठविलेली साखर खर्च करते आणि थकत जाते. साधारण हिशेब असा की तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की नासण्याचा वेग दोन ते तीन पट होतो. आपण दुपटीचाच हिशेब धरू. उन्हाळ्यातल्या ३४ अंशांच्या खोलीत आणि फ्रिजच्या ४ अंशांत ३० अंशांचा फरक आहे. म्हणजे दोनदा दोनदा दोन, असा आठपट वेग झाला. फ्रिजमध्ये फळ २४ तासांत जेवढे उतरते, तेवढे ते बाहेर ३ तासांत उतरते. बाजारातून आणलेली पिशवी दुपारभर खुंटीला टांगून ठेवण्याची किंमत यावरून कळून येईल.

चौथे कारण जखम. साल हे फळाचे चिलखत आहे. दाबले गेलेले, देठ उपटलेले, चिरलेले फळ उघडे पडते आणि जंतूंना आत शिरायला दार मिळते. म्हणूनच डबीच्या तळाची, वजनाखाली दबलेली फळे आधी नासतात.

याच्याच जोडीला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आंबा, केळे, चिकू ही फळे तोडल्यावरही पिकतात. स्ट्रॉबेरी, द्राक्षे आणि जांभळे तशी पिकत नाहीत. स्ट्रॉबेरीचा पांढरा भाग घरी ठेवून कदाचित लाल होईल, पण गोडी वाढणार नाही. तेव्हा 'दोन दिवस ठेवू, मग गोड होतील' ही आशा या फळांच्या बाबतीत फोल आहे. घेतानाच पूर्ण पिकलेली व टणक फळे घ्यावीत.

विटाळ कशाचा?

नासण्याची कारणे पाहिल्यावर एका जुन्या प्रश्नाकडे वळणे भाग आहे. अन्नपाणी 'बाटते' ही कल्पना आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी ओंजळीने घेतले. त्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. माणसाच्या जन्माने पाणी किंवा फळ दूषित होते, असे शास्त्राच्या कोणत्याही प्रयोगशाळेत कधी सिद्ध झालेले नाही, होणारही नाही. दूषित करतो तो जंतू. तो हाताची जात पाहत नाही. हात धुतला आहे की नाही एवढेच पाहतो. शौचानंतर साबणाने न धुतलेला हात, मग तो कोणाचाही असो, फळाला दूषित करतो. आणि स्वच्छ हात, मग तो कोणाचाही असो, फळाला काही करीत नाही. तसेच फळाला किंवा दुधाला कोणाची दृष्ट लागत नाही. दोष दृष्टीचा नसतो, ओल्या डबीचा असतो. हे आपल्या मुलांना लहानपणीच कळले पाहिजे. स्वच्छता आणि विटाळ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली विज्ञानातून येते, दुसरी अज्ञानातून.

घरी आणल्याबरोबर काय करावे?

पहिले काम निवडण्याचे. फळे परातीत किंवा सुपात अलगद पसरावीत. बुरशी आलेले फळ लगेच टाकून द्यावे, आणि त्याला चिकटून असलेली फळेही टाकावीत. कारण बुरशीचे धागे तेथवर पोहोचलेले असतात. दबलेली, फुटलेली पण चांगली असलेली फळे वेगळी काढून त्याच दिवशी खावीत किंवा शिजवावीत. टणक, कोरडी, अखंड फळे तेवढी साठवावीत. एक नासके फळ साऱ्या टोपलीला नासविते, हे म्हणणे या फळांच्या बाबतीत शब्दशः खरे आहे.

दुसरा नियम म्हणजे साठविण्यापूर्वी फळे धुऊ नयेत. आपल्याकडे आणलेली वस्तू आधी धुवायची, ही चांगली सवय आहे. पण या फळांपुरती ती खाण्याच्या वेळेवर ढकलावी. धुतलेल्या स्ट्रॉबेरीच्या देठाखाली व दाण्यांच्या खळग्यांत पाणी राहते आणि तेथेच बुरशी धरते. खाण्यापूर्वी मात्र वाहत्या, पिण्याच्या पाण्याखाली फळे नीट धुवावीत. साबण वापरू नये. फळ तो शोषून घेते.

तिसरा नियम देठ काढू नये हा. स्ट्रॉबेरीची हिरवी टोपी, द्राक्षाचा घड, रसभरीचे कागदासारखे टरफल जसेच्या तसे ठेवावे. देठ उपटला की जखम झाली. द्राक्षावर जी पांढुरकी भुकटी दिसते ती बहुतेक नैसर्गिक मेणाची असते आणि ती फळातले पाणी राखते. साठवताना ती पुसू नये.

फार दिवस ठेवायची स्ट्रॉबेरी असेल तर व्हिनेगरचा उपाय करता येतो. एक वाटी पांढरे व्हिनेगर आणि तीन वाट्या पाणी एकत्र करून त्यात फळे दोन-तीन मिनिटे बुडवावीत. नंतर स्वच्छ पाण्यातून काढून सुती फडक्यावर एकेरी थरात पसरावीत आणि पंख्याखाली अगदी कोरडी होईपर्यंत ठेवावीत. व्हिनेगरमधल्या आम्लाने सालीवरचे बरेचसे बीजाणू मरतात. पण फळे पूर्ण वाळविण्याची सवड नसेल तर हा उपाय करूच नये. ओली फळे डब्यात भरण्यापेक्षा न धुता ठेवलेली बरी.

फ्रिज असेल तर

पसरट डब्याच्या तळाशी कोरडे सुती फडके किंवा कोरा कागद घालावा. छापील वर्तमानपत्र वापरू नये. त्याची शाई अन्नाला लागणे आरोग्याला चांगले नाही. त्यावर फळे एका थरात, फार तर दोन थरांत ठेवावीत. झाकण किंचित उघडे ठेवावे. घट्ट बंद डब्यात फळाच्या श्वासाची वाफ झाकणाला धरते आणि थेंब होऊन खाली पडते. अगदी उघडे ठेवले तर फळ सुकते. फडके ओले झाले की बदलावे. रोज एकदा डबा पाहून उतरलेले फळ काढून घ्यावे.

डबा फ्रिजच्या दारात ठेवू नये. दार उघडले की तेथेच सर्वांत आधी गरम हवा येते. डबा आतल्या कप्प्यात, पण फळे गोठतील इतका बर्फाच्या कप्प्याजवळ नको. थंड फळे बाहेर काढली की त्यांना घाम सुटल्यासारखे पाणी धरते. म्हणून लागतील तेवढीच बाहेर काढावीत. सगळा डबा पुन्हा पुन्हा आतबाहेर करू नये. पिकलेली केळी आणि आंबे यांच्या शेजारी ही फळे ठेवू नयेत. त्यांच्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो व त्यामुळे शेजारची फळे लवकर उतरतात.

अशा रीतीने ठेवल्यास चांगली स्ट्रॉबेरी तीन ते पाच दिवस, जांभळे चार-पाच दिवस आणि घडासह द्राक्षे आठवडाभर किंवा अधिक टिकतात. टरफलासकट ठेवलेली रसभरी त्याहूनही जास्त टिकते. तुती सर्वांत नाजूक. तिला दोन दिवसांपलीकडे धरू नये. फ्रिजमुळे नासणे मंदावते, थांबत नाही. रायझोपस बुरशी सुमारे ५ अंशांखाली वाढत नाही. पण राखाडी बोट्रायटिस शून्य अंशाजवळही हळूहळू वाढतच असते. म्हणून 'फ्रिजमध्ये आहे ना' या भरवशावर राहू नये.

हंगाम संपल्यावरही फळ हवे असेल तर ते गोठवावे. फळे धुऊन, देठ काढून, पूर्ण कोरडी करावीत. ताटात एकमेकांना न लागतील अशी मांडून बर्फाच्या कप्प्यात ठेवावीत. दगडासारखी कडक झाली की पिशवीत भरून, हवा दाबून काढून पिशवी बंद करावी. आधीच पिशवीत भरली तर त्यांचा एकच गोळा होतो. वेगळा डीप फ्रीझर असेल आणि त्यात उणे १८ अंश तापमान राहत असेल तर फळे अनेक महिने टिकतात. एका दाराच्या फ्रिजमधल्या लहान कप्प्यात महिनाभरात संपवावीत. गोठलेले फळ वितळल्यावर मऊ पडते. कारण बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात. ते सरबताला, जॅमला वापरावे.

येथे एक इशारा महत्त्वाचा आहे. गोठविल्याने जंतू निजतात, मरत नाहीत. २०१२ साली जर्मनीत शाळांच्या जेवणात दिलेल्या, गोठवून आयात केलेल्या स्ट्रॉबेरीतून नोरोव्हायरसची लागण होऊन सुमारे ११ हजार लोक, त्यांत बहुतेक मुले, उलट्या-जुलाबांनी आजारी पडली. संपन्न देशातही असे घडते. म्हणून गोठविण्यापूर्वी स्वच्छता हवीच. लहान मुले, वृद्ध व आजारी माणसांना गोठवलेले फळ उकळी आणूनच द्यावे.

फ्रिज नसेल तर

आपल्या अनेक घरांत आजही फ्रिज नाही, आणि असला तरी वीज जातेच. त्यासाठी माठाचे तत्त्व वापरावे. पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जाते. त्यामुळे माठातले पाणी गार राहते. एका मोठ्या, झिलई नसलेल्या मातीच्या कुंडीत तळाला वाळू घालून त्यात लहान मडके बसवावे. मधल्या फटीत वाळू भरून ती दिवसातून दोनदा भिजवावी. फळे लहान मडक्यात, कोरड्या फडक्यावर ठेवून वरून ओले फडके झाकावे. मात्र त्याचे पाणी आत ठिबकू देऊ नये. कुंडी सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवावी.

याच तत्त्वावर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दुहेरी भिंती, मध्ये ओली वाळू आणि वर गवताचे झाकण, एवढेच त्याचे साहित्य. त्याला वीज लागत नाही. कोरड्या उन्हाळ्यात त्याच्या आतले तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहू शकते. पाच-दहा फळविक्रेत्या भगिनींनी मिळून वस्तीत असा एक कक्ष बांधला तर उरलेला माल दुसऱ्या दिवशी विकता येईल.

मात्र हा उपाय कोठे चालतो हे ओळखले पाहिजे. विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथील कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात हवाच ओली असते; पाणी उडत नाही, म्हणून गारवाही येत नाही. जांभळाचा हंगाम नेमका जूनमध्ये, पाऊस सुरू होतानाच येतो. अशा वेळी ओली कुंडी बुरशीला आमंत्रण ठरते. तेव्हा जांभळे रोळीत किंवा पसरट टोपलीत, एका थरात, हवेशीर ठेवावीत आणि एक-दोन दिवसांत संपवावीत, किंवा पुढे सांगितल्याप्रमाणे त्यांचे काही करून ठेवावे.

साखर, मीठ आणि ऊन

जंतूंना जगायला पाणी लागते. ते पाणी त्यांच्यापासून काढून घेतले की फळ टिकते. ऊन पाणी उडवून लावते, तर साखर आणि मीठ पाणी बांधून ठेवतात. आपल्या आज्या-पणज्यांना सूक्ष्मजीव ठाऊक नव्हते, पण हे तत्त्व त्यांच्या हातात होते. युरोपातही तसेच घडले. फ्रान्समधील निकोला आपेर या मिठाई करणाऱ्या कारागिराने अन्न काचेच्या बाटलीत बंद करून उकळण्याची रीत शोधली आणि १८१० साली त्याला सरकारने १२ हजार फ्रँकचे बक्षीस दिले. ती रीत का यशस्वी होते, हे लुई पाश्चरने सूक्ष्मजीवांवर केलेल्या संशोधनातून पुढे पन्नासएक वर्षांनी उलगडले. हाताने काम करणाऱ्याच्या ज्ञानाला कमी लेखू नये, हाही त्यातला धडा आहे.

स्ट्रॉबेरीचा जॅम असा करावा. एक किलो स्वच्छ, देठ काढलेली फळे जाड बुडाच्या पातेल्यात कुस्करून पाऊण किलो साखर घालावी व दोन लिंबांचा रस पिळावा. मध्यम आचेवर सतत ढवळत आटवावे. जॅम टिकण्यासाठी त्यात साखर व इतर विद्राव्य घटक मिळून सुमारे ६५ टक्के भरले पाहिजेत. ते मोजण्याची घरगुती युक्ती वजनाची आहे. पाऊण किलो साखर आणि फळातले सुमारे ८० ग्रॅम घटक मिळून ८३० ग्रॅम होतात. म्हणजे आटून तयार जॅम सुमारे सव्वा किलो उरला की प्रमाण बरोबर आले. रिकाम्या पातेल्याचे वजन आधी करून ठेवावे म्हणजे झाले. काचेच्या बरण्या व झाकणे पाण्यात दहा मिनिटे उकळून, कोरडी करून, त्यांत जॅम गरम असतानाच भरावा. काढताना चमचा कोरडा हवा. साखर कमी घातली तर जॅम बिघडलाच असे नाही. पण तो फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवावा. घरात मधुमेहाचे रुग्ण असतील तर त्यांच्यासाठी जॅमपेक्षा ताजे फळ मोजून खाणेच योग्य.

करवंदात पेक्टिन भरपूर असते. फळ घट्ट बसविणारा तो नैसर्गिक डिंकच होय. म्हणून करवंदाची जेली विनासायास जमते. कच्च्या करवंदाचे लोणचे तर घरोघरी होते. त्यात मीठ फळाच्या वजनाच्या सुमारे १५ टक्के असावे आणि फोडी तेलाखाली बुडालेल्या राहाव्यात. जांभळाचा गर आटवून साखरेचा पाक घालून सरबत करता येते. बाजारात विकण्यासाठी परिरक्षक रसायन वापरायचेच असेल तर जांभळा-लाल रंगाच्या फळांना सोडियम बेंझोएट वापरतात. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटने त्यांचा रंग फिका पडतो. पण ही रसायने अंदाजाने, चिमटीने घालू नयेत. त्यांना ठरलेले माप आणि कायद्याची मर्यादा आहे. विक्री करणाऱ्या बचत गटांनी अन्न सुरक्षा कायदा २००६ प्रमाणे नोंदणीही करून घ्यावी. उन्हात वाळविण्याचे उदाहरण म्हणजे आपले बोर. वाळवलेली बोरे आणि शाळेच्या दारात मिळणारे बोरकूट कोणाला ठाऊक नाही?

रस, आंबणे आणि पाचवे शील

या फळांचा रस काढून ठेवला तर तो फळापेक्षाही लवकर बिघडतो. कारण साल फुटली आणि सालीवरचे यीस्ट थेट साखरेत उतरले. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू तयार करते. फेस आलेला, बुडबुडे येणारा, आंबूस वासाचा रस याच मार्गाला लागलेला असतो. असा रस घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत ठेवला तर वायूच्या दाबाने बाटली फुटून इजा होऊ शकते.

विनयपिटकातील महावग्गात याविषयी उद्बोधक उल्लेख आहे. आपण नावाच्या नगरात केणिय जटिलाने अर्पण केलेल्या पेयांच्या प्रसंगी तथागतांनी भिक्खूंना आठ प्रकारच्या पेयांची अनुमती दिली. त्यांत आंबा, जांभूळ, केळे, द्राक्ष, फालसा यांचे रस आहेत. मध्यान्हानंतर भोजन न घेणाऱ्या भिक्खूला असा गाळलेला रस घेता येतो, पण पुढच्या पहाटेपर्यंतच. तो साठवून ठेवता येत नाही. या नियमाचा मुख्य हेतू संग्रहवृत्तीला आळा घालणे हा असला, तरी आरोग्याच्या दृष्टीनेही तो किती योग्य आहे पाहा. आपल्या हवामानात बाहेर राहिलेला ताजा रस एका रात्रीत आंबू लागतो. पाचव्या शीलात ज्या 'मेरया'पासून दूर राहण्यास सांगितले आहे, त्याच्या विनयातील स्पष्टीकरणात फुले, मध, गूळ यांच्याबरोबर फळांचा आसवही येतो. म्हणजे घरी ठेवलेला रस जी वाट धरतो, ती कोठे जाते हे आपल्या पूर्वजांना चांगले माहीत होते. म्हणून रस लागेल तेवढाच, लागेल तेव्हाच काढावा, आणि फेसाळलेला रस मुलांना देऊ नये.

टाकून देण्याचा विवेक

काटकसर चांगली, पण नासके खाणे ही काटकसर नव्हे. भाकरीचा किंवा मऊ फळाचा बुरशी आलेला भाग काढून उरलेला खाण्याची पद्धत चुकीची आहे. डोळ्यांना दिसते ती बुरशीची वरची बाजू. तिचे धागे आत खोल गेलेले असतात आणि काही बुरशी विषारी द्रव्येही सोडतात. जॅमवर बुरशी आली तर वरचा थर काढून भागत नाही, पूर्ण बरणी टाकावी. दहा रुपयांचे फळ वाचविण्यासाठी दवाखान्यात पाचशे रुपये घालविणे शहाणपणाचे नाही. तेही वाया जाऊ नये असे वाटत असेल तर ते खतात घालावे. घरातल्या कोणत्याही माणसाला, विशेषतः उरलेसुरले स्वतः खाण्याची सवय लागलेल्या आईला, ते खाऊ देऊ नये. तिचे पोटही पोटच आहे.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग

वाचलेले खरे मानण्यापूर्वी तपासून पाहणे हीच बुद्धांची शिकवण आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी पुढील प्रयोग स्वतः करावा. एका जातीची, सारख्या आकाराची ४० द्राक्षे कात्रीने थोडा देठ ठेवून कापावीत व त्यांचे १० चे चार गट करावेत. पहिला गट धुऊन ओलाच घट्ट डब्यात बंद करावा. दुसरा न धुता, कोरडा, अर्धवट झाकलेल्या डब्यात ठेवावा. तिसरा दुसऱ्यासारखाच, पण प्रत्येक द्राक्षाला टाचणीने एक टोचा मारून ठेवावा. चौथा दुसऱ्यासारखाच, पण फ्रिजमध्ये ठेवावा. रोज ठरलेल्या वेळी किती फळे मऊ पडली, किती फळांवर बुरशी आली याची वहीत नोंद करावी व दहा दिवसांनी आलेख काढावा. ओल, जखम आणि उष्णता यांचा प्रभाव वेगवेगळा दिसेल. प्रयोगाची फळे खाऊ नयेत, डब्यांचा वास घेऊ नये आणि शेवटी हात साबणाने धुवावेत.

सारांश एवढाच की टणक फळे घ्यावीत, लगेच निवडावीत, कोरडी व गार ठेवावीत, खाताना धुवावीत, उरतील असे वाटताच शिजवावीत आणि नासलेली निर्धाराने टाकावीत. यासाठी मोठा खर्च लागत नाही. कारण शोधण्याची सवय मात्र लागते. ज्या घरातले मूल 'फळ का नासले?' असे विचारते, ते मूल उद्या 'वस्तीतले पाणी गढूळ का येते?' असेही विचारील आणि उत्तर मिळेपर्यंत थांबणार नाही. असे प्रश्न विचारणारी पिढी प्रत्येक घरातून निर्माण व्हावी, ही सदिच्छा.

जय भीम! नमो बुद्धाय!